सोपं कोणी केलं, कोणाच्या पैशाने?

१४ ऑक्टोबर २०२५ ला मायक्रोसॉफ्टने विंडोज १० मधून अंग काढून घेतलं. त्या तारखेनंतर सुरक्षेची अपडेट्स बंद. अगदीच हवी असतील तर कंपनीच्या खात्यात लॉग-इन करून किंवा पैसे भरून आणखी एक वर्ष मिळतात, तीही ऑक्टोबर २०२६ पर्यंतच. आपल्याकडे त्या दिवशी काय झालं? काहीच नाही. दुसऱ्या दिवशी सकाळी सेवा केंद्रातला, पतसंस्थेतला, सीएच्या ऑफिसातला संगणक नेहमीसारखा सुरू झाला. कोणी विचारलंच तर दुकानदाराचं उत्तर तयार होतं, 'चालतंय ना? मग राहू द्या.' ज्यांना फारच काळजी वाटली त्यांना नवीन मशिन घ्यायला सांगण्यात आलं. कारण विंडोज ११ ला टीपीएम २.० नावाची सुरक्षेची चिप लागते आणि प्रोसेसर इंटेलचा असेल तर साधारण आठव्या पिढीपासून पुढचा लागतो. २०१६ साली घेतलेला, मध्यंतरी एसएसडी म्हणजे वेगवान डिस्क टाकून घेतलेला, टॅली आणि ब्राउझर निवांत चालवणारा संगणक या चाळणीतून खाली पडतो. जगभरात अशी सुमारे २४ कोटी यंत्रं भंगारात जाऊ शकतात, असा अंदाज कॅनॅलिस या बाजार-संशोधन संस्थेने २०२३ च्या अखेरीस दिला होता.

अशा वेळी कोणीतरी म्हणतं, विंडोजच्या जागी लिनक्स टाका की, तीही संगणक चालवणारी मूळ प्रणालीच, म्हणजे ऑपरेटिंग सिस्टम. पैसे पडत नाहीत, जुन्या मशिनवर चालतं, व्हायरसची कटकट कमी. आणि लगेच ठरलेलं उत्तर येतं, 'ते सामान्य माणसासाठी नाही हो, अवघड पडतं.' वापरून पाहिलेले हे म्हणतात, न वापरलेले त्याहून ठासून म्हणतात. खरेदी समितीच्या बैठकीत तर एवढ्या एका वाक्यावर विषय मिटतो.

अवघड पडतं हे पुष्कळदा खरंच असतं. पण त्याचं जे कारण आपण मनात धरतो ते मला पटत नाही. सोपेपणा हा सॉफ्टवेअरच्या आत भरून आलेला गुण आहे, विंडोजमध्ये तो जास्त भरलाय आणि लिनक्समध्ये कमी, असं आपण समजून चालतो. प्रत्यक्षात बराचसा सोपेपणा बाहेर तयार होतो: क्लासमध्ये, दुकानात, ऑफिसातल्या शेजारच्या टेबलावर, सरकारी परिपत्रकात. तो तयार करायला खर्च येतो. महाराष्ट्रात हा खर्च गेली दोन तपं एकाच बाजूला झाला, आणि त्यातला मोठा भाग कंपनीने नव्हे, आपण केला.

सोप्याच्या मागे लोक जातात हे खरं असतं तर दोन वेळा तरी मोठी पळापळ व्हायला हवी होती. पहिली २००७ मध्ये. त्या वर्षी आलेल्या मायक्रोसॉफ्ट ऑफिसमध्ये 'फाइल, एडिट, व्ह्यू' ही मेन्यूंची ओळखीची ओळच गायब झाली आणि तिच्या जागी रिबन नावाची रुंद पट्टी आली. प्रिंटची आज्ञा वरच्या कोपऱ्यातल्या एका गोल बटणात जाऊन बसली. ते बटण आहे की नुसता कंपनीचा शिक्का, हे कळायलाच लोकांना वेळ लागला. त्याच वेळी तसंच काम करणारं ओपनऑफिस हे सॉफ्टवेअर फुकट मिळत होतं आणि दिसायला जवळजवळ ऑफिस २००३ सारखं होतं. म्हणजे जुन्या वर्डवर हात बसलेल्या कारकुनाला नव्या वर्डपेक्षा ओपनऑफिस सोपं गेलं असतं. किती जण तिकडे गेले? रिबन शिकवणारे क्लास निघाले, पुस्तकांच्या नव्या आवृत्त्या निघाल्या आणि वर्षा-दोन वर्षांत रिबन 'सोपी' झाली.

दुसरी वेळ २०१२ ची. विंडोज ८ मधून स्टार्ट बटण काढून टाकलं होतं. १९९५ पासून डाव्या कोपऱ्यात बसलेलं हे बटण सगळ्या जगाला पाठ होतं. माउसवाल्या संगणकावर टॅबलेटसारख्या मोठमोठ्या रंगीत फरश्या आल्या आणि संगणक बंद कुठून करायचा हेही लोकांना सापडेना. आरडाओरडा एवढा झाला की वर्षभरात, विंडोज ८.१ मध्ये, कंपनीला ते बटण परत आणावं लागलं. पण या गोंधळात माणसं लिनक्सकडे वळली नाहीत. ती विंडोज ७ वर बसून राहिली. आणि हे काही फक्त घरगुती ग्राहकाचं आळसावणं नव्हतं. विंडोज एक्सपीचा पाठिंबा एप्रिल २०१४ मध्ये संपला, तरी बँकांची एटीएम त्याच्यावरच चालत राहिली. शेवटी जून २०१८ मध्ये रिझर्व्ह बँकेला परिपत्रक काढून, टप्पे ठरवून देऊन, बँकांना त्यावरून हलवावं लागलं. ज्यांच्याकडे पैसा, तज्ज्ञ, सगळं होतं त्यांची ही कथा.

मग माणूस नेमका कशाला धरून असतो? एखाद्या तालुक्याच्या गावातलं डीटीपीचं, म्हणजे संगणकावर छपाईची जुळणी करण्याचं, दुकान घ्या. लग्नपत्रिका, वास्तुशांतीची निमंत्रणं, दशक्रियेची कार्डं, निवडणुकीत हँडबिलं. ऑपरेटरपुढे पानं जुळवायचा पेजमेकर असतो, बाजूला चित्रांसाठी कोरल ड्रॉ, आणि मराठीसाठी श्रीलिपीसारखं फॉन्टचं पॅकेज. बोटं रेमिंग्टन टाइपरायटरच्या कळफलकावर पळतात, कारण टायपिंगच्या इन्स्टिट्यूटमध्ये तेच घोटून घेतलेलं असतं. गिऱ्हाईक आता मजकूर व्हॉट्सॲपवर पाठवतं. तो युनिकोडमध्ये, म्हणजे सगळीकडे चालणाऱ्या अक्षरसंकेतात, येतो आणि पेजमेकरला देवनागरी युनिकोड झेपत नाही. मग तो कन्व्हर्टरमध्ये टाकायचा, जुन्या फॉन्टच्या संकेतात आणायचा, आणि छपाईआधी रफार, 'ऱ्या', 'ट्ट', 'द्ध' नजरेखालून घालायचे. वधूपित्याच्या नावातला रफार शेजारच्या अक्षरावर जाऊन बसला तर पाचशे पत्रिका अंगावर येतात. या माणसाच्या कामात ऑपरेटिंग सिस्टमचा वाटा किती? ती खाली असते एवढाच. त्याला लिनक्सचे फायदे सांगा, तो शांतपणे ऐकून घेईल आणि एकच विचारेल, 'श्रीलिपी चालते का त्याच्यावर?' नाही चालत. थेट तर नाहीच. विषय संपला, आणि त्याच्या जागी बसून पाहिलं तर तो बरोबर संपला. त्याला आळशी किंवा कंपनीचा गुलाम म्हणणारे लिनक्सचे भक्त मला या बाबतीत फार उथळ वाटतात. तो निवड करतोय ती त्याच्या बोटांची, त्याच्या हजारो जुन्या फायलींची आणि छापखान्याच्या वेळेची. ऑपरेटिंग सिस्टम त्या निवडीच्या मागोमाग आपोआप येते.

आता याच्या उलट बाजूची एक जुनी गोष्ट. एक्सपीच्या काळात संगणकावर मराठी नीट दिसायचं तर कंट्रोल पॅनेलमधल्या रीजनल अँड लँग्वेज ऑप्शन्समध्ये जाऊन 'कॉम्प्लेक्स स्क्रिप्ट'च्या चौकोनात खूण करावी लागे. मग यंत्र विंडोजची सीडी मागायचं. सीडी नसली तर आय-३८६ नावाचं फोल्डर कोणाकडून तरी मिळवा, मार्ग दाखवा, यंत्र पुन्हा सुरू करा. तोवर वेलांटी अक्षराच्या चुकीच्या बाजूला आणि जोडाक्षरं सुटी सुटी. हे सोपं होतं का? अजिबात नव्हतं. पण 'विंडोज मराठी माणसासाठी नाही' असं त्या वेळी कोणी म्हटलेलं आठवत नाही. कारण ही खटपट ग्राहक करतच नव्हता. ती दुकानातला पोरगा करून देई, किंवा ऑफिसातला एखादा उत्साही सहकारी. जी अडचण दुसरं कोणी सोडवून देतं तिची गणना अडचणीत होत नाही. तेव्हाच्या लिनक्समध्ये अडचणी याहून फार मोठ्या होत्या असं नाही. त्या सोडवणारा पोरगा दुकानात नव्हता, एवढंच. गंमत अशी, की लिनक्सवरच्या मराठीचं पुष्कळ काम आपल्या पुण्यातच झालं. लोहित या मुक्त फॉन्टची देखभाल रेड हॅट या लिनक्स कंपनीच्या पुण्यातल्या अभियंत्यांनी वर्षानुवर्षं केली. पण ते काम आणि तालुक्याचं दुकान यांच्यामध्ये कोणी उभंच नव्हतं.

त्या दुकानातल्या पोराचा खर्च कोण करत होतं? पुष्कळदा चोरी. हे जरा स्पष्टच बोललं पाहिजे. मुंबईच्या लॅमिंग्टन रोडला किंवा कुठल्याही जिल्ह्याच्या बाजारात 'डॉसवाला' लॅपटॉप काही हजारांनी स्वस्त मिळायचा. बिलावर फ्रीडॉस ही फुकटची साधी प्रणाली, आणि पिशवीत घालून देताना आत विंडोज, ऑफिस, फोटोशॉप, सगळं 'टाकून दिलेलं'. यामुळे लिनक्सचा सगळ्यात मोठा फायदा, म्हणजे किंमत, आपल्याकडे कधी जाणवलाच नाही. जे परवाना घेऊन हजारोंचं होतं तेही फुकट आणि जे मुळातच फुकट होतं तेही फुकट, मग ओळखीचं सोडून अनोळखी का घ्यावं? गिऱ्हाइकाचा हिशेब साफ होता. या चोरीने कंपनीचं त्या त्या विक्रीत नुकसान झालं असेल, पण एक अख्खी पिढी तिच्या पडद्यावर घडवली गेली, तेही तिने एक पैसा खर्च न करता.

उरलेली घडण सरकारी आशीर्वादाने झाली. २००१ मध्ये महाराष्ट्र ज्ञान महामंडळ, म्हणजे एमकेसीएल, स्थापन झालं आणि एमएस-सीआयटी हा कोर्स गावोगाव गेला. या कोर्सला नाकं मुरडणारे पुणे-मुंबईत पुष्कळ आहेत. मी त्यांतला नाही. जिथे संगणक कोणी पाहिलेला नव्हता तिथे एखाद्या गाळ्यात दहा मशिन्स लावून, मुली, गृहिणी, पन्नाशीतले शिक्षक या सगळ्यांच्या हातात माउस देण्याचं काम या कोर्सने केलं. पुढे लिपिक-टंकलेखकापासून कितीतरी सरकारी पदांसाठी हे किंवा याच्या बरोबरीचं प्रमाणपत्र अटीत आलं, बढती आणि वेतनवाढ त्याच्याशी बांधली गेली. पण त्यात शिकवलं काय? विंडोज, वर्ड, एक्सेल, पॉवरपॉइंट. शुल्क विद्यार्थ्याने भरलं, सक्ती शासन निर्णयाने केली, आणि घट्ट झाली ती एका कंपनीच्या मेन्यूंची सवय. 'तक्ता कसा करायचा' हे शिकण्याऐवजी 'या बटणावर टिचकी मारली की तक्ता येतो' हे शिकवलं गेलं. बटण हललं की माणूस अडतो, हे रिबनच्या वेळी दिसलंच. एमकेसीएलने नंतर नवनवे विषय आणले, अभ्यासक्रम बदलत नेला, हे मान्य. पाया मात्र तोच राहिला.

आता कोणी म्हणेल, दुसरं काही शक्यच नव्हतं, आपली माणसं लिनक्सवर काम करूच शकली नसती. त्यांनी एकदा जवळच्या तालुका न्यायालयात चक्कर मारावी. न्यायालयांच्या संगणकीकरणाच्या ई-कोर्ट्स प्रकल्पात सर्वोच्च न्यायालयाच्या ई-समितीने देशभरच्या जिल्हा आणि तालुका न्यायालयांत उबुंटू हा लिनक्सचा प्रकार नेला. त्यावर चालणारी सीआयएस ही खटल्यांची नोंदप्रणाली केंद्र सरकारच्या एनआयसी या संगणक-संस्थेच्या पुण्याच्या केंद्रात तयार झाली. न्यायाधीशांना मिळालेल्या लॅपटॉपवरही उबुंटूच होतं. न्यायालयातला लिपिक सकाळी येतो, फायरफॉक्स हा ब्राउझर उघडतो, आजचा बोर्ड म्हणजे खटल्यांची यादी काढतो, प्रत्येक प्रकरणापुढे काय झालं ते भरतो, टप्पा निवडतो, पुढची तारीख टाकतो. तीच तारीख वकिलाच्या आणि पक्षकाराच्या मोबाइलवर दिसते. हा लिपिक काही संगणकशास्त्राचा पदवीधर नसतो. त्याच टायपिंगच्या परीक्षा देऊन, तेच एमएस-सीआयटी करून तो आलेला असतो. मग त्याला हे जमलं कसं? तीन गोष्टी झाल्या. वरून निर्णय एकच झाला आणि तो सगळीकडे लागू झाला. प्रशिक्षणाची साखळी लावली गेली. खुद्द न्यायाधीशांतून उबुंटू आणि सीआयएसचे मास्टर ट्रेनर तयार केले आणि त्यांनी खाली शिकवलं. आणि जिल्हा न्यायालयात सिस्टम ऑफिसर, सिस्टम असिस्टंट ही माणसं आली, अडलं की फोन करायला. सगळं गोड आहे असं मी म्हणणार नाही. बाहेरून आलेली वर्डची फाइल लिबरऑफिसमध्ये, म्हणजे ओपनऑफिसच्या पुढच्या अवतारात, उघडली की मजकूर इकडचा तिकडे सरकतो, जुन्या फॉन्टमधली मराठी तर निव्वळ अगम्य चिन्हं होऊन समोर येते. न्यायालयांतही कुरकुर आहेच. पण 'सामान्य माणसाला जमणार नाही' हे विधान रोज सकाळी साडेदहाला राज्यभर खोटं ठरतं, आणि त्याकडे आपलं लक्षच नाही.

शाळांच्या बाबतीत हाच धडा केरळने दिला. २००१ मध्ये आयटी ॲट स्कूल हा प्रकल्प सुरू झाला तेव्हा तिथेही अभ्यासक्रम विंडोजवरच बेतलेला होता. शिक्षकांच्या संघटना आणि मुक्त सॉफ्टवेअरवाले यांनी त्यावर आक्षेप घेतला, काही वर्षांतच प्रकल्प लिनक्सवर गेला, आणि पुढे दहावीची आयटीची परीक्षाही त्यावर होऊ लागली. त्यांनी स्वतःची उबुंटूवर आधारलेली प्रणाली बांधली, तीत मल्याळम पहिल्या दिवसापासून नीट, आणि शाळेला लागणारी सगळी साधनं आधीच घातलेली. आज काइट या नावाने ती संस्था हे काम करते. ३,००० कोटी रुपये वाचल्याचा आकडा २०१९ मध्ये तिथून दिला गेला होता. या आकड्याकडे मी जपूनच पाहतो. शाळांनी दुसऱ्या बाजूला खरोखर पूर्ण किमतीचे परवाने घेतले असते का, हा प्रश्न उरतोच. मला महत्त्वाची वाटते ती निराळी गोष्ट: त्यांनी आधी शिक्षक तयार केले. पैसा परवान्यावर न घालता माणसांवर घातला. एका मास्तरला येतं म्हटल्यावर शाळेला येतं.

लिनक्सच्या बाजूने बोलणाऱ्यांना जर्मनीतल्या म्युनिक शहराचं उदाहरण अडचणीचं वाटतं, म्हणून त्याचाही विचार करू. त्या शहराच्या पालिकेने २००३-०४ मध्ये निर्णय घेतला, दहा वर्षं खपून सुमारे १५,००० संगणक लिनक्सवर नेले, आणि २०१७ मध्ये पुन्हा विंडोजकडे परतायचं ठरवलं. परतण्यात राजकारण किती आणि तांत्रिक कारणं किती, यावर आजही वाद आहे. माझ्या मते यंत्रणा आतून चालत होती, पण बाहेरचं जग दुसऱ्याच फाइलींमध्ये बोलत होतं आणि पालिकेतलीच काही सॉफ्टवेअरं विंडोजशिवाय चालत नव्हती. एकटं शहर सुधारून भागत नाही. आता त्याच जर्मनीतलं श्लेस्विग-होल्स्टाइन राज्य हा प्रयत्न पुन्हा करतंय, सुमारे ३०,००० संगणकांवर, आणि त्यांनी क्रम उलटा धरलाय: आधी लिबरऑफिस, मग ईमेल, ऑपरेटिंग सिस्टम सगळ्यात शेवटी. डीटीपीवाल्याचं उदाहरण डोळ्यांपुढे ठेवलं तर हा क्रम का बरोबर आहे ते कळतं. हात वरच्या कामावर बसलेला असतो. तो आधी हलवावा लागतो.

लिनक्सवाल्यांनीही स्वतःच्या पायावर कमी धोंडे पाडून घेतलेले नाहीत. २०११ मध्ये ग्नोम ३ हा लिनक्सचा नवा डेस्कटॉप, म्हणजे पडद्यावरचा चेहरा, आला आणि खिडकी लहान करण्याचं बटणच नाहीसं झालं. त्याच वर्षी उबुंटूने युनिटी नावाचा वेगळाच चेहरा आणला, काही वर्षं रेटला आणि २०१७ मध्ये सोडून दिला. ग्नोमच्या त्या बदलावर खुद्द लिनस टोरवाल्ड्स उखडला होता आणि दुसरा डेस्कटॉप वापरू लागला होता; ज्याने १९९१ मध्ये लिनक्स सुरू केलं त्याची ही तऱ्हा, तर नवख्याचं काय झालं असेल. शिवाय मदत मागायला गेलं की 'टर्मिनल उघड आणि हे टाक' म्हणून टाइप करायच्या आज्ञांच्या तीन ओळी तोंडावर फेकल्या जातात. त्या ओळी काय करतात हे सांगायची तसदी नाही. झेरॉक्सच्या दुकानात सर्रास दिसणारा एखादा छोटा लेझर प्रिंटर लिनक्सवर चालवायचा तर अर्धा दिवस जाऊ शकतो. चूक प्रिंटर बनवणाऱ्याची असते, ड्रायव्हर, म्हणजे प्रिंटर चालवणारं सॉफ्टवेअर, त्याने धड दिलेला नसतो, पण बाहेर रांगेत उभ्या असलेल्या गिऱ्हाइकाला त्याच्याशी काय करायचंय? त्या दुकानदाराने दुपारपर्यंत विंडोज परत टाकून घेतलं तर मी त्याला एक अक्षर बोलणार नाही.

आणि तरीही हाच दुकानदार खिशात लिनक्स घेऊन फिरतो. अँड्रॉइडच्या तळाशी लिनक्सचाच गाभा आहे. अँड्रॉइड अवघड आहे का, असं त्याला कोणी विचारत नाही, कारण ते सोपं करण्याचा खर्च गूगलने आणि फोन कंपन्यांनी केला, आणि आपली माहिती देऊन आपण तो फेडतो.

इकडे विंडोजचा जुना सोपेपणाही पूर्वीसारखा राहिलेला नाही. विंडोज ११ ची होम आवृत्ती पहिल्यांदा सुरू करताना इंटरनेट मागते आणि कंपनीचं ऑनलाइन खातं मागते. घरी ठीक आहे. जिल्हा परिषदेच्या शाळेत हे खातं कोणाचं? बहुधा जे सर तिथे उभे असतील त्यांचं, त्यांच्या स्वतःच्या मोबाइल नंबरवरचं. दोन वर्षांनी सरांची बदली होते, आणि शाळेच्या संगणकाची किल्ली दुसऱ्या तालुक्यात जाते. मध्येच डेस्कटॉपवरच्या फायली वनड्राइव्ह या कंपनीच्या ऑनलाइन कोठारात जायला लागतात, फुकटची पाच जीबी जागा भरते आणि 'जागा संपली, पैसे भरा' अशी सूचना रोज डोळ्यांपुढे येते. यातलं काहीही त्या सरांनी निवडलेलं नसतं. तरीही याला आपण 'अवघड' म्हणत नाही, कारण हे ओळखीचं अवघड आहे.

ब्राउझरमुळे हा सगळा प्रश्न आता शिळा झाला, असंही एक मत आहे. बरंचसं खरं आहे ते. सातबारा, रेल्वेचं तिकीट, वीजबिल, बँक, परीक्षेचा अर्ज, सगळं ब्राउझरमध्ये होतं. खाली काय आहे याला महत्त्व उरत नाही. पण जिथे उरतं तिथे कोणामुळे, हे पाहण्यासारखं आहे. आयकर विवरणपत्राची एक्सेलमधली युटिलिटी घ्या: मॅक्रोंवर, एक्सेलच्या आत लिहिलेल्या छोट्या प्रोग्रामांवर, चालते, म्हणजे मायक्रोसॉफ्टचंच एक्सेल हवं. जीएसटीचं विवरणपत्र भरण्याचं ऑफलाइन साधनही विंडोजसाठी. डिजिटल सहीचं टोकन घेतलं तर त्याचा ड्रायव्हर विंडोजवर दोन टिचक्यांत बसतो आणि इतरत्र घाम काढतो. गावातल्या कर सल्लागाराने ठरवलं की आपण लिनक्सवर जाऊ, तर त्याला अडवणारी कंपनी नसते, खुद्द सरकारी खातं असतं. एका खात्यातल्या कोणीतरी निविदा लिहिताना दोन ओळी वाचवल्या, आणि लाखो लोकांची 'निवड' तिथेच होऊन गेली. नागरिकाने कर भरावा, आणि तो भरण्यासाठी आधी एका खासगी कंपनीचा परवाना घ्यावा, हे कायद्यात कुठेही लिहिलेलं नाही. अशा साधनांपुरतं मात्र व्यवहारात ते तसं आहे.

म्हणून 'सगळ्यांनी लिनक्स वापरा' असं माझं म्हणणं नाही. डीटीपीवाल्याने त्याचं मशिन आहे तसंच चालवावं, जमल्यास इंटरनेटपासून तोडून. घरी ज्याला जे आवडेल ते. प्रश्न सार्वजनिक पैशाचा आहे, आणि तिथे 'लोकांना सोपं जातं' ही सबब चालू देऊ नये, कारण लोकांना काय सोपं जावं हे त्या पैशानेच ठरत आलंय. सरकारी साधनं कुठल्याही ब्राउझरमध्ये चालली पाहिजेत, फायली खुल्या स्वरूपात स्वीकारल्या गेल्या पाहिजेत, मराठी मजकूर युनिकोडमध्येच. भरतीसाठी लागणाऱ्या संगणक परीक्षेत उमेदवाराला पत्र लिहिता येतं का, तक्त्यात बेरीज करता येते का, फाइल शोधून पाठवता येते का, हे तपासावं. ते त्याने वर्डमध्ये केलं की लिबरऑफिसमध्ये, हे परीक्षकाने विचारू नये.

'पण मुलांना पुढे नोकरीत विंडोजच लागेल,' हा आक्षेप पालकसभेत हमखास येतो. आज पाचवीत असलेली मुलगी नोकरीला लागेल तेव्हा २०३७ उजाडलेलं असेल. २००५ मध्ये विंडोज एक्सपी आणि ऑफिस २००३ शिकलेल्या मुलाला बारा वर्षांनी, २०१७ मध्ये, समोर विंडोज १० आणि रिबन दिसली. त्याला उपयोग झाला तो संगणकाची भीती गेल्याचा, मेन्यू पाठ असण्याचा नव्हे. दोन वेगळ्या प्रणाली हाताळलेल्या मुलाची भीती लवकर जाते, आणि शाळेच्या प्रयोगशाळेत दोन्ही ठेवायला काहीच हरकत नाही.

राहिला प्रश्न आत्ताच्या जुन्या यंत्रांचा. शाळांत, ग्रामपंचायतींत, सरकारी कार्यालयांत विंडोज ११ न पेलणारे संगणक पडून आहेत किंवा असुरक्षित अवस्थेत चालू आहेत. पुढच्या वर्षात त्यांच्या निर्लेखनाचे, म्हणजे मोडीत काढण्याचे, प्रस्ताव निघतील आणि नव्या खरेदीची निविदा, तीत 'विंडोज ११ प्रो' हे शब्द आधीच टाइप केलेले. त्या प्रस्तावावर सही करणाऱ्याने एवढंच विचारावं, की यातल्या किती यंत्रांवर काम फक्त ब्राउझरमध्ये होतं. ती यंत्रं वेगळी काढून त्यांच्यावर लिनक्स मिंट किंवा उबुंटू घालता येतं. नव्या मशिनच्या वाचलेल्या रकमेतून तालुक्याला एक माणूस नेमता येतो, न्यायालयात आहे तसा, ज्याचा नंबर प्रत्येक शाळेच्या भिंतीवर लावलेला असेल. मात्र त्याचा पगार अंदाजपत्रकात कुठल्या लेखाशीर्षाखाली टाकायचा, हे आधी ठरवावं लागेल. यंत्रखरेदीसाठी लेखाशीर्ष आहे, परवान्यासाठी आहे, या माणसासाठी मात्र शोधावं लागतं.